कूलिंग टॉवरचं लाकूड मऊ पडतंय, हायपो वाढवून पण फरक नाही

रात्रपाळी:
मंडळी, आमच्याकडे जुना लाकडी कूलिंग टॉवर आहे, त्याच्या पाण्यात हायपो म्हणजे क्लोरीनचं औषध (सोडियम हायपोक्लोराईट) टाकतो. शटडाऊनला आत शिरलो तर फिलच्या, म्हणजे ज्यांच्यावरून पाणी पडतं त्या पट्ट्या काळपट पडल्यात, नख लावलं की ओल्या साबणासारखा थर निघतो. एक तुकडा घरी आणला, वाळल्यावर त्याला आडव्याउभ्या भेगा पडून जळक्या कोळशासारखे बारीक चौकोन झाले. साहेब म्हणाले बुरशी आहे, हायपो वाढवा. महिनाभर वाढवला तर आता पट्ट्यांवर पांढरी लव आलीय. वरचा फॅन डेक, म्हणजे पंख्याभोवतीचा लाकडी माळा, मात्र ठणठणीत. आजोबा सांगायचे विहिरीत बुडालेलं लाकूड कुजत नाही, मग हे चोवीस तास भिजणारं कसं कुजतंय?

जुना_फिटर:
हायपो आधी कमी करा राव. ती लव म्हणजे बुरशी नाही, लाकडाचाच कापूस आहे. क्लोरीन जास्त झाला की लिग्निन खातो, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा डिंकच जातो, आणि पीएच चढा असेल तर आणखी लवकर. फ्री क्लोरीन १ पीपीएमच्या आत ठेवा, तोही सतत नको, थांबून थांबून. आणि फॅन डेक ठणठणीत हे कशावरून, नुसतं बघून का? खालच्या बीममध्ये स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा. आणि तोवर वर कुणाला चढू देऊ नका.

बुरशीवाली:
आजोबा बरोबरच सांगायचे, खोल पाण्यात हवा नसते म्हणून टिकतं. टॉवरमध्ये पाणी थेंबाथेंबाने पडतं, हवा भरपूर. नेहमीच्या कुजवणाऱ्या बुरशींना इतकं चिंब लाकूड झेपत नाही पण केटोमियम ग्लोबोसमसारख्यांना चालतं, त्या पेशीच्या भिंतीतच पोकळ्या करत जातात. याला सॉफ्ट रॉट म्हणतात, हे नाव १९५४ मध्ये सॅव्हरी या संशोधकाने दिलं, आणि इंग्लंडात त्याआधी कुलिंग टॉवरच्या लाकडावरच हा प्रकार तपासला होता. हा बाहेरून आत सरकतो, मऊ थर खरवडून खाली किती जाडी शाबूत उरलीय ते मोजा. वर जिथे नुसती वाफ आणि दमटपणा असतो तिथे उलटं, लाकूड टिकवायचं औषध मुरलेलं बाहेरचं कवच चांगलं दिसतं आणि गाभा पोकळ.

जुना_फिटर:
ताईंचं बरोबर. अजून एक, लाकूड हिरवट असेल तर सीसीए मारलेलं असणार. तांबं, क्रोम आणि आर्सेनिक. आपल्याच डेहराडूनला सोंटी कामेसन यांनी १९३३ च्या सुमारास काढलेलं औषध, जगभर गेलं. पण काढलेल्या पट्ट्या कुणाला बंबात घालायला देऊ नका, धूर आणि राख दोन्ही विषारी.

रात्रपाळी:
आज खुपसून बघितलं. टॉवरच्या दुसऱ्या सेलच्या (कप्प्याच्या) बीममध्ये वरचा बोटभर भाग कडक, मग स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत. डेकवर दोरी बांधून रस्ता बंद केलाय, हायपोचं साहेबांना उद्या सांगतो. बंबाचं वाचून मात्र घाम फुटला दादा, मागच्या वेळच्या दोन पोती पट्ट्या वॉचमननेच नेल्या होत्या, आत्ता त्याला फोन लावतोय.