पालिकेच्या जुन्या कचरागाड्या: सरसकट बदलायच्या की ठिगळं लावत चालवायच्या?

हिशेबी (धागाकर्ता)

दहा वर्षांवरच्या सगळ्या कचरागाड्या पालिकेने एकदम काढून टाकाव्यात, असं माझं मत आहे. डागडुजीत काटकसर होते हा निव्वळ भ्रम आहे.

कॉम्पॅक्टरची, म्हणजे कचरा दाबून भरणारी, गाडी दर काही पावलांवर थांबते, निघते, आणि थांबलेली असतानाही कचरा दाबायला इंजिन चालूच. लिटरमागे जेमतेम १ ते १.५ किलोमीटर जाते. क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स, सगळ्याची लवकर वाट लागते. सुरुवातीची वर्षं घसारा जास्त आणि दुरुस्ती कमी, नंतर उलटं. दोन्ही मिळून वर्षाचा सरासरी खर्च जिथे सर्वांत कमी येतो, तिथे गाडीचं आर्थिक आयुष्य संपलं. कॉम्पॅक्टरला ते साधारण ७ ते १० वर्षं धरतात. पुढेही गाडी चालते, पण आतबट्ट्यात.

गोची अशी की खरेदी भांडवली खर्चात जाते आणि दुरुस्ती महसुली खर्चात. नव्या गाडीचा आकडा सभेत सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. दुरुस्तीचं बिल छोटं असतं, सही पटकन होते, आणि अशा बिलांची वर्षाची बेरीज कोणी मांडत नाही.

पाना_नं_१७

असहमत. नुसती वर्षं मोजून गाडी भंगारात काढणारा कधी गाडीखाली आडवा झालेला नसतो.

कचरागाडीचं इंजिन सहसा आधी मरत नाही, पत्रा मरतो. ओल्या कचऱ्याचं पाणी आंबट आणि खारट. ते हॉपरच्या (मागे कचरा टाकायच्या खोलगट भागाच्या) तळाशी, मागच्या दाराच्या रबरी सीलजवळ साचतं. रोज काम संपल्यावर धुतलं आणि निचऱ्याचा नळ उघडला तर पत्रा टिकतो. नाही तर कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक पडतं. मग वेल्डिंगचं ठिगळ, ठिगळाच्या कडेने पुन्हा गंज, त्यावर पुन्हा ठिगळ. एका जागी मी चार थर मोजलेत. त्याच गाडीची चेसिस (खालचा सांगाडा) मात्र ठणठणीत होती! अशा वेळी नुसती बॉडी बदलता येते, अख्खी गाडी टाकायची गरज नसते.

हायड्रॉलिकचंही तेच. तेल काळं झालं तरी लोक वरून भर घालत राहतात, फिल्टरला हात लावत नाहीत, आणि पंप गेला की म्हणतात गाडी जुनी झाली. मागून भरायची आणि हायड्रॉलिकने दाबायची, ही रचना १९३८ च्या गार वूड लोड पॅकरपासून मुळात फारशी बदललेली नाही. त्यात दुरुस्त होणार नाही असं फार थोडं आहे.

वय मोजायचंच तर पीटीओ (इंजिनाची ताकद हायड्रॉलिक पंपाला देणारा जोड) किती तास चालला ते बघा.

फळीवरचा

दोघेही लोखंडाबद्दल बोलताय. गाडीच्या मागच्या फळीवर कचरा भरणारा कामगार उभा असतो, त्याचं काय?

सील गेलेल्या गाडीचं काळं पाणी आधी रस्त्यावर नाही, आमच्या बुटात पडतं. धुराचं नळकांडं कुठे असतं तेही एकदा बघून या. डिझेलच्या धुराने माणसाला कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. 'अजून चालतेय की' म्हणणारा नेहमी पुढे केबिनमध्ये बसलेला असतो.

आणि युरोपच्या ईएन १५०१ मानकात फळीवर माणूस असेल तर गाडी ताशी ३० किलोमीटरच्या वर जाता कामा नये, रिव्हर्स तर पडताच कामा नये. फळीखालच्या स्विचला वजन कळतं. जुन्या गाडीत हा स्विच असलाच तर कोणीतरी वायर परस्पर जोडून ठेवलेली असते, कारण बोळातून मागे घ्यायची घाई. पानावाले, ही 'दुरुस्ती' तुमच्याच गॅरेजात होते ना?

पाना_नं_१७

होते. नाकारत नाही. वरून फोन येतो, 'गाडी संध्याकाळपर्यंत लाइनवर पाहिजे'. पण हा गाडीच्या वयाचा दोष नाही. नव्या गाडीची वायरही तितक्याच सहज जोडता येते.

विद्युत्पुरुष

बदलायच्याच तर विजेवरच्या घ्या. थांबत-निघत चालणं हा डिझेलचा शाप, तोच इथे फायद्याचा, कारण दर ब्रेकला थोडी वीज बॅटरीत परत जाते. मार्ग ठरलेला, रात्री गाडी डेपोतच. पहाटे लोकांची झोपमोडही कमी.

हिशेबी

तत्त्वतः मान्य. पण बॅटरीचं वजन कचऱ्याच्या वजनातून वजा होतं, त्यामुळे खेपा वाढू शकतात. कचराभूमी लांब असेल तर निम्मी बॅटरी जाण्या-येण्यातच संपायची. शिवाय वीस गाड्या एकदम चार्जिंगला लावायच्या तर डेपोचा वीजजोड वाढवावा लागतो, आणि तो खर्च गाडीच्या निविदेत कुठेच नसतो. आधी दोन गाड्या सगळ्यात अवघड मार्गावर वर्षभर पळवा, मग बोलू.

पाना_नं_१७

नव्या डिझेलचीही एक गंमत सांगतो. तिच्या धुराच्या फिल्टरमधली काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. गल्लीबोळात कासवाच्या चालीने तो तापतच नाही. फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिनाची ताकद घटते आणि नवीकोरी गाडी उभी. जुनी धूर ओकत का होईना, घरी यायची. (फळीवरचे रागावतील. बरोबरच आहे त्यांचं.)

ओला_सुका

कॉम्पॅक्टरच्या बदल्यात कॉम्पॅक्टरच, हे कोणी ठरवलं? कागद-प्लॅस्टिक दाबून आकार घटतो, तिथे तो हवाच. ओला कचरा मुळातच जड असतो, त्याला दाबून पाणीच निघतं, ज्याने पानावाल्यांनी सांगितलेला पत्रा खाल्ला. वेगवेगळा गोळा होणार असेल तर ओल्याला बंद टाकीची साधी टिपर गाडी पुरते. ती स्वस्तही पडते आणि तिच्यात बिघडायलाही कमी असतं.

हिशेबी

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. 'सरसकट' हा शब्द मागे घेतो.

पाना_नं_१७

आणखी एका कारणाने घ्या. आज एका निविदेत वीस गाड्या आल्या तर आठ वर्षांनी वीसच्या वीस एकाच हंगामात रडायला लागतील. दर वर्षी दोन-तीन घ्या.

हिशेबी

आणि दर वर्षी कमी बोलीवाला वेगळा आला तर? आठ वर्षांत पाच कंपन्यांच्या गाड्या, पाच तऱ्हेचे फिल्टर, पाच तऱ्हेचे सील. स्टोअरमध्ये नेमका पाहिजे तोच नसणार. त्यापेक्षा एकदाच तीन-चार वर्षांचा दरकरार करून गाड्या टप्प्याटप्प्याने उचलाव्यात. पण आधी कुठली गाडी काढायची हे लॉगबुकवरून ठरवायला हवं, आणि धड लॉगबुक असतं कुठे?

पाना_नं_१७

असतं की. सगळ्या गाड्यांचं, सगळ्या महिन्यांचं, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं. 'तेलपाणी ठीक.'

फळीवरचा

आमच्या गाडीचं पण 'ठीक' आहे. सील चार महिने झाले, नाहीये.