चर्चा: संगीतकाराला टेम्प ट्रॅक लावलेली फिल्म पाठवावी का?

गोदाकाठ (धागाकर्ता)
नाशिकमध्ये शॉर्टफिल्म करताना साधारण असं होतं: एडिटर एखाद्या गाजलेल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत टाइमलाइनवर टाकतो, दिग्दर्शक तेच महिनाभर ऐकतो आणि मग पुण्या-मुंबईच्या संगीतकाराला लिंक जाते: ‘साधारण असंच हवंय, पण आपलं वाटलं पाहिजे.’ हे उसनं संगीत, म्हणजे टेम्प ट्रॅक, संगीतकाराच्या कानावर पडूच देऊ नये असं माझं ठाम मत आहे. एकदा ऐकलं की त्याने एक तर नक्कल करायची, नाहीतर वेगळं काही करून ‘आधीचं जास्त चांगलं होतं’ हे ऐकून घ्यायचं. शिवाय तो तुकडा साठ-सत्तर वादकांनी वाजवलेला असतो आणि आपल्या बजेटात एक बासरी, एक व्हायोलिन आणि बाकी सॅम्पल्स, म्हणजे कॉम्प्युटरवरचे वाद्यांचे तयार आवाज, बसतात.

त्यापेक्षा दिग्दर्शक आणि संगीतकार दोघांनी स्पॉटिंगला, म्हणजे फिल्म बघत संगीताच्या जागा ठरवायला, बसा. वीस मिनिटांच्या फिल्मला तीन तास तरी काढा. प्रत्येक जागेचा टाइमकोड (मिनिट-सेकंद-फ्रेम) लिहा: संगीत कुठे शिरतं, कुठे निघतं. पुढे लिहा, त्या क्षणी पात्राला काय माहीत आहे आणि प्रेक्षकाला काय. ‘दुःखी’ एवढंच लिहून उपयोग नाही. ‘मुलगा परत येणार नाही हे आईला कळलंय, पण ती सुनेला कळू देत नाहीये’ असं लिहिलंत तर संगीताने आईचं दुःख उघड करायचं की तिच्यासारखंच झाकून ठेवायचं, यावर बोलता येतं. शांतता हवी त्या जागांचीही नोंद करा, नाहीतर तिथे कोणीतरी पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारे सूर, भरतोच.

कात्री२४
अजिबात पटलं नाही. शब्दांवर एवढा भरवसा ठेवू नका. ‘हलकं हवंय’ म्हणताना दिग्दर्शकाला कमी वाद्यं हवी असतात आणि संगीतकार आनंदी चाल करून आणतो. चाळीस सेकंदांचा टेम्प वाजवला की हा घोळ जागच्या जागी मिटतो.

टेम्प नीट द्यायची पद्धत आहे. तो वेगळ्या ट्रॅकवर असू द्या, म्हणजे बंद करता येतो. एकाच सीनला एकमेकांपासून लांबचे दोन टेम्प लावा, म्हणजे एकावरच जीव जडत नाही. आणि त्यातलं काय आवडलं ते लिहा: फक्त लय, फक्त वाद्याचा पोत, की फक्त शिरण्याची जागा. तीन वाद्यांचं बजेट असेल तर टेम्पही तीन वाद्यांचाच निवडा.

खरं नुकसान पिक्चर लॉक न करता, म्हणजे चित्राचं एडिटिंग पक्कं न करता, काम सुरू केल्याने होतं. ९६ बीपीएमच्या (मिनिटाला ९६ मात्रांच्या) क्यूमध्ये, म्हणजे संगीताच्या तुकड्यात, सेकंदाला २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर, एक मात्रा बरोबर १५ फ्रेमची असते. संगीत पोचल्यावर तुम्ही मधल्या शॉटमधून आठ फ्रेम काढल्यात तर पुढचा प्रत्येक कट समेऐवजी साधारण अर्ध्या मात्रेवर पडतो. तुम्हाला ते फक्त ‘जमत नाहीये’ असं जाणवतं आणि दोष संगीतकाराला जातो.

सूरपेटी
कात्री२४, लॉकबद्दल शंभर टक्के सहमत. टेम्पबद्दल नाही. ‘फक्त लय आवडली’ असं लिहून दिलं तरी महिनाभर ऐकलेली चाल दिग्दर्शकाच्या डोक्यातून जात नाही, आणि तो नकळत तिच्याशीच ताडून बघतो. चाल फार जवळ गेली तर कॉपीराइटचं प्रकरण होऊ शकतं. घाईत टेम्पसकट फिल्म महोत्सवाला पाठवणारेही आहेत. त्या संगीताचे हक्क आपल्याकडे नसतात, एवढं तरी ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट इथे कोणी बोलत नाही: लोकेशनचा आवाज. रामकुंडावरच्या सीनमध्ये संवादामागे घंटेचा नाद लांबत राहतो. घंटेचा ठळक स्वर पेटीच्या काळी एकच्या जवळ असेल आणि संगीत पांढरी एकमध्ये बांधलं असेल, तर अख्खा सीन बेसूर वाटतो आणि कारण कोणालाच सापडत नाही. पट्टी अर्धा सूर वर घेतली की भागतं, पण हे रेकॉर्डिंगच्या आधी कळायला हवं. नंतर कळलं तर बासरीवाल्याची शिफ्ट पुन्हा लावावी लागते. म्हणून संवाद आणि लोकेशन साउंड असलेली फाइल द्या, टेम्प मात्र काढून.

कात्री२४
लोकेशन साउंडचा मुद्दा मान्य. पण चित्र आधी आणि संगीत नंतर, हा क्रम फाळक्यांच्या मूकपटांपासूनचा आहे. पेटी-तबलेवाले थिएटरात बसून, तयार चित्राकडे बघूनच वाजवायचे. मग स्क्रिप्टच्या टप्प्यावरच संगीतकाराला बोलवा, हा काही जणांचा आग्रह कशाला?

सूरपेटी
कारण ते वादक समोर बसलेले असत. सीन पडतोय असं दिसलं की हात आखडता घेत. रेकॉर्ड झालेली सारंगी तसं करू शकत नाही. आणि पात्र पडद्यावर गाणार, वाजवणार किंवा नाचणार असेल, तर लय आणि पट्टी शूटिंगआधी ठरवावीच लागते. बाकी फिल्मला रफ कटवर, म्हणजे कच्च्या एडिटवर, बोलावलंत तरी चालेल, मात्र तेव्हा फक्त स्केच, म्हणजे चालीचा कच्चा नमुना, मागा. पक्कं रेकॉर्डिंग लॉकनंतरच.

पंचवटी_फिल्म्स
आमच्या फिल्मच्या शेवटी मिरवणूक आहे आणि नाशिक ढोल हवाच आहे. त्याच सीनमध्ये दोन महत्त्वाची वाक्यं आहेत. ढोल कमी करून चालेल का?

मिक्सडेस्क
ढोल कमी करून फार फरक पडणार नाही, अडचण ताशाची आहे. बोललेलं स्पष्ट कळतं ते मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि ताशाची काडी तिथेच येऊन व्यंजनं खाते. ढोलाचा घुमारा खाली असतो, तो बराचसा राहू शकतो. संगीतकाराला ती दोन वाक्यं टाइमकोडसकट द्या. तेवढ्या वेळात ताशा थांबवून ढोलाचे मोकळे ठोके ठेवायचे, वाक्य संपलं की ताशा परत. हे रचनेतच केलं तर ओघात येतं. मिक्समध्ये फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) ओढून केलं तर मिरवणूक अचानक लांब गेल्यासारखी वाटते.

यासाठीच ढोल, ताशा, तंतुवाद्यं, मुख्य चाल आणि पॅड यांचे वेगळे स्टेम्स, म्हणजे प्रत्येकाची स्वतंत्र ऑडिओ फाइल, मागा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह, मास्टरवर लिमिटर (आवाजाचे उंच टोक दाबणारं साधन) नको, सगळे एकाच टाइमकोडपासून सुरू. पहिल्या फ्रेमच्या आधी दोन सेकंद एक फ्रेमचा टू-पॉप, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायचा छोटा ‘बीप’, ठेवा. आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) लेखी कळवा. फिल्म २३.९७६ वर आणि संगीताचा प्रोजेक्ट २४ वर असेल, तर एकसलग स्टेम दर हजार सेकंदांना एक सेकंद सरकतो. वीस मिनिटांच्या फिल्मला शेवटी सव्वा सेकंदाच्या आसपास.

गोदाकाठ
टेम्प काढून पाठवायचा, यावर मी कायम आहे. कात्री२४ यांचं ‘काय आवडलं ते लिहा’ मात्र घेतो, ते स्पॉटिंगच्या कागदावरच लिहिता येईल.

करारात दोन गोष्टी घाला. प्रत्येक क्यूला दोनच फेऱ्या दुरुस्ती; लॉकनंतर चित्र बदललं तर वेगळे पैसे. मानधन तीन हप्त्यांत: सही झाल्यावर, स्केच मंजूर झाल्यावर, स्टेम्स हाती आल्यावर. हक्कांच्या कलमात ‘सर्व रॉयल्टी निर्मात्याची’ असं छापील वाक्य असेल तर ते काढा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर, थिएटरात फिल्मसोबत वाजण्याखेरीज बाकी वापरांच्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराला वारस किंवा कॉपीराइट सोसायटीशिवाय कोणाला देऊन टाकताच येत नाही.

कात्री२४
हप्ते ठीक आहेत. पण दुरुस्तीची फेरी कशाला म्हणायची तेही लिहा. दिग्दर्शक, निर्माता आणि एडिटर तिघांनी व्हॉट्सॲपवर वेगवेगळ्या वेळी सूचना टाकल्या तर त्या तीन फेऱ्या की एक? माझ्या मते तिघांचं एकत्र बोलून झाल्यावर, टाइमकोडसकट एकाच माणसाने पाठवलेली यादी म्हणजे एक फेरी.