शिडाच्या बोटीचा पंखा इंजिनाला जड पडतोय, पिच किती कमी करावा?

गगनबावडा_मार्गे
राहतो कोल्हापुरात, बोट विजयदुर्गला वाघोटण खाडीत. मेहुण्याबरोबर घेतलेली जुनी फायबरची शिडाची बोट, वॉटरलाइन २२ फूट. इंजिन यानमार २जीएम२०, गिअरबॉक्स २.६२, पंखा दोन पात्यांचा, बॉसवर (मधल्या गाठीवर) १५ × ११ असा ठसा, म्हणजे व्यास × पिच, इंचांत. न्यूट्रलमध्ये इंजिन मोकळं पळतं. गिअर टाकून पूर्ण रेस दिली की २७५० च्या वर जात नाही, काळा धूर येतो, टेम्परेचर चढतं. ओहोटीला खाडीत शिरताना तर बोट रांगते. बंदरावर एकजण म्हणाला, पात्यांची टोकं अर्धा-अर्धा इंच काप. दुसरा म्हणाला, डिझेलचा पंप-नोझल करून घे. पंखा काढून कोल्हापूरला आणू शकतो. नेमकं काय करू?

लेथवाला_उद्यमनगर
टोकं अजिबात कापू नका दादा. सावकाश चालणाऱ्या जड बोटीला व्यास जेवढा मोठा बसेल तेवढा चांगला. तो कमी केला की पंखा नुसता पाणी घुसळतो. टोक आणि बूड यांच्यात व्यासाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे तुमच्याकडे दीड-दोन इंच जागा सुटत असेल तर व्यास आहे तसा ठेवा. कमी करायचा तो पिच, म्हणजे एका फेरीत पंखा कागदावर जेवढा पुढे सरकेल ते अंतर.

का ते इस्कटून सांगतो. तुमचं इंजिन ३६०० आरपीएमला १८ हॉर्सपॉवर देतं, सतत चालवायला ३४०० ला १६. तेवढ्या फेऱ्या झाल्याशिवाय ती ताकद हाती येत नाही. रेस ओढता तेव्हा तुम्ही गव्हर्नरला फेऱ्या किती हव्यात तेवढंच सांगता. फेऱ्या होईनात की तो डिझेल वाढवत जातो, ते जाळायला हवा पुरत नाही, म्हणून धूर काळा. डिझेल अडलं असतं तर काळा धूर आला नसता, त्यामुळे पंप-नोझल आत्ता उघडू नका. एक्झॉस्टचा एल्बो मात्र बघा. तो कार्बनने बुजला तरी लक्षणं हीच दिसतात.

मग मोजमाप. बूड आणि पंखा आधी खरवडून घ्या, शेवाळ-शिंपल्यांसकट घेतलेलं रीडिंग कामाचं नाही. डॅशबोर्डचा काटा अल्टरनेटरवर चालत असेल तर बेल्ट सैल झाला की तो चुकतो, म्हणून क्रँक पुलीला पट्टी चिकटवून हातातल्या डिजिटल टॅकोने फेऱ्या घ्या. आणि हे जेट्टीला बांधून नको, खोल सपाट पाण्यात चालत्या बोटीवर. बांधलेल्या बोटीत फेऱ्या कमीच येतात.

ठशावरही विसंबू नका. पंखा कधी खडकाला लागला, कुणी ठोकून सरळ केला, ठसा तोच राहतो. सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) बॉस उभा ठेवा. केंद्रापासून त्रिज्येच्या ७० टक्क्यांवर, तुमच्याकडे १३३ मिलिमीटरवर, पात्याच्या पाणी ढकलणाऱ्या बाजूला २० अंशांच्या अंतराने दोन खुणा करा. हाईट गेजने दोन्ही उंच्यांतला फरक काढून १८ ने गुणा, तोच पिच. ११ इंची असेल तर फरक १५.५ मिलिमीटर यायला हवा. दोन्ही पाती वेगवेगळी मोजा.

देवगडचा_वारा
थोडा वेगळा अनुभव. मी पिच मुद्दाम जरा जास्त ठेवतो. २२०० वर बोट आरामात पाच नॉट जाते, आवाज कमी, डिझेलही कमी. पूर्ण रेस कुणाला लागते?

लेथवाला_उद्यमनगर
सपाट पाण्यात तुमचं बरोबर आहे. पण एप्रिलच्या दुपारी वायव्येचा वारा नाकावर आला, लाट उभी राहिली आणि बोटीचा वेग पडला की तोच पंखा त्याच फेऱ्यांवर आणखी जड होतो. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३४०० ला १६ हॉर्सपॉवर घेणारा पंखा २७०० ला साधारण ८ घेतो. इंजिन २७०० ला त्याहून बरंच जास्त देऊ शकतं. ती शिल्लक अशा दुपारी हवी असते. खडक जवळ असताना इंजिनाने मान टाकावी असं मला कुणाच्याच बाबतीत नको वाटतं.

गगनबावडा_मार्गे
सगळं केलं. एल्बो साफ निघाला. बूड खरवडून चालत्या बोटीवर घेतलं तर २९५०, धूर कमी झाला पण आहे. पंखा कोल्हापूरला आणून मोजला: एका पात्यावर फरक १८.१ मिलिमीटर, दुसऱ्यावर १७.०. एका पात्याच्या कडेला गुलाबी छटा आहे. पाती पिळून पिच कमी करून घेऊ का?

लेथवाला_उद्यमनगर
बघा, ठसा ११ आणि पाती निघाली १२.८ आणि १२. कधीतरी ठोकाठोक झालेली आहे, आणि पाती असमान म्हणजे थरथरही असणार.

आता हिशोब. ३४०० च्या थोडं वर जायला तुम्हाला ५०० च्या आसपास फेऱ्या कमी पडतात. एक इंच पिच म्हणजे इंजिनाच्या १५० ते २०० फेऱ्या धरतात. सरासरी १२.४ वरून १० वर या. पडताळून बघू: ३४०० भागिले २.६२, शाफ्टच्या १३०० फेऱ्या, १० इंची पिचला कागदावर १०.७ नॉट. तुमची बोट पूर्ण रेसवर सहाच्या आसपास जाणार, म्हणजे ४४ टक्के स्लिप (कागदावरच्या वेगातली तूट). अशा बोटीला हे जमून जातं. १५ × १० सांगा.

पण हा पंखा पिळू नका. गुलाबी छटा म्हणजे खाऱ्या पाण्याने मँगनीज ब्राँझमधलं जस्त खाल्लंय, उरलंय ते ठिसूळ तांबं. पिळताना तडा जाईल, नाहीतर समुद्रात पातं तुटेल. झिंक अॅनोड (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) संपलाय का तेही बघा.

नवा तयार मिळाला तर उत्तम. इथे ओतायचा तर आपल्याकडच्या फाउंड्र्या मुख्यतः ग्रे आणि एसजी आयर्नच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, त्यामुळे ब्राँझवाला शोधा आणि धातू अॅल्युमिनियम ब्राँझ मागा. जुना पंखा पॅटर्न (साचा करायचा नमुना) म्हणून देऊ नका. त्यातला वाकडेपणा तसाच उतरेल, वर धातू थंड होताना दीड-दोन टक्के आकसेल तो वेगळाच. पॅटर्न नव्या मापाने करा, ओतल्यावर दोन्ही पाती परत मोजा आणि बॅलन्स करा.

गगनबावडा_मार्गे
समजलं, मनापासून आभार. बोअर (बॉसमधलं शाफ्टचं भोक) जुन्या पंख्यावरून घेतला तर चालेल ना?

लेथवाला_उद्यमनगर
नको, शाफ्टवरून घ्या. मेट्रिक शाफ्टचा टेपर (टोकाचा निमुळतेपणा) बहुधा १:१० असतो, इंची असेल तर १:१६. ब्लू (खुणेचा निळा रंग) लावून शाफ्टवर बसवून बघा, रंग टेपरभर सारखा उठला पाहिजे. चावी (पंखा शाफ्टवर फिरू न देणारी पट्टी) न घालता एकदा बसवा आणि पंखा किती पुढे जातो त्याची शाफ्टवर खूण करा. मग चावी घालून बसवा. त्या खुणेपर्यंत गेला नाही तर चावी उंच आहे, ती घासा. वाटल्यास शाफ्टचं टोक मोजून माप इथे टाका, मी बघतो.