पंख छाटून पोपट माणसाळत नाही

अनघा_नाशिक
परवा इथल्याच दुसऱ्या धाग्यावर एकाने विचारलं होतं, नवा कॉकटिएल (तुरेवाला छोटा परदेशी पोपट) आणलाय, जवळ येत नाही, काय करू? त्यावर उत्तर आलं, "आजच दोन्ही पंख छाट, आठवड्यात खांद्यावर बसेल." खाली पाच-सहा जणांचं 'अगदी बरोबर'. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

पंख छाटलेला, म्हणजे उडायची लांब पिसं कापलेला पक्षी हातावर बसतो, कारण त्याला दुसरीकडे जाता येत नाही. भीती तिथेच असते, फक्त पळायची वाट बंद होते. आणि पळता न येणारा पक्षी चावतो. मग तीच मंडळी महिन्याने विचारतात, "चावरा झालाय, कोणाला हवाय का?"

पिंजरा भिंतीला लावून आपल्या छातीच्या उंचीवर ठेवा. सुरुवातीला हात आत घालूच नका, शेजारी बसून नुसतं बोला. मग राळ्याचं कणीस जाळीतून धरा. तो मान लांब करून एक दाणा टिपेल आणि लगेच मागे सरेल. तेव्हा तुरा बघा. ताठ उभा असेल तर बिचकलाय. सैल, मागे कललेला असेल तर निवांत आहे. डोक्याला चिकटवून फिस्स करत असेल तर गुमान हात मागे घ्या. कणीस हळूहळू तळहातावर आणायचं आणि मग पायांच्या जरा वर, पोटाशी बोट टेकवून 'स्टेप अप', म्हणजे बोटावर चढ म्हणायचं. वेळ लागतो. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी पक्षी आणू नये.

मंदार_ठाणे
अनघाताई, तुमच्या घरी छताला पंखे नाहीत का? माझ्या भावाचा कॉकटिएल मे महिन्यात फिरत्या पंख्यात गेला. वहिनीच्या डोळ्यांदेखत. घरात लहान मूल, उकाडा असा की पंखा बंद ठेवणं शक्य नाही. दुसरा आणला, तो खिडकीतून निसटला आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कावळ्यांनी धरला. माझ्याकडचा तिसरा. त्याचे पंख पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून छाटून घेतो, दोन्ही बाजूंचे सारखे. नखं कापण्याइतकंच ते, दुखत नाही, पिसं झडली की नवीन येतात. आज जिवंत आहे तो. तुमचं स्वातंत्र्य तुमच्यापाशी ठेवा.

पशुवैद्य_कोल्हापूर
मंदार, दुखत नाही हे पूर्ण वाढलेल्या पिसांबद्दल खरं. नवीन उगवणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असतं. ते कापलं गेलं की धार लागते आणि एवढ्याशा पक्ष्याला तेवढा रक्तस्रावही भारी पडतो. शेजारची लांब पिसं छाटलेली असली की उगवत्या पिसाला आधार राहत नाही, ते आपटून मोडतं. कॉकटिएल रात्री दचकून पिंजऱ्यात धडपडतात, तेव्हा हे हमखास होतं. आफ्रिकन ग्रेसारखा (राखाडी परदेशी पोपट) जड पक्षी जास्त छाटला तर दगडासारखा खाली येतो, छातीच्या हाडावरची कातडी फाटते. असे टाके मी घातलेत. आणि नीट उडायला न शिकलेल्या पिल्लाचे पंख तर अजिबात छाटू नका.

रानवाट
कॉकटिएल, ग्रे यांवर एवढं चाललंय, पण महाराष्ट्रात 'पोपट पाळलाय' म्हणणाऱ्या बहुतेकांकडे आपला हिरवा पोपट असतो, नाहीतर खांद्यावर लाल पट्टा असलेला पहाडी. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित. २०२२च्या दुरुस्तीनंतर तर शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंख छाटावेत की नाही हा प्रश्नच नाही, तो घरात असणंच गुन्हा आहे. ढोलीतून पिल्लं ओढून काढतात, दर उन्हाळ्यात बघतो.

शैलजा_सांगली
आला कायदा! आमच्या आजीचा मिठू कित्येक वर्षं पडवीत होता. पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडं. डाळिंब, पेरू, हिरवी मिरची, सगळं आजीच्या हातून. आजी गेली तेव्हा त्याने खाणं टाकलं होतं. तिला गुन्हेगार म्हणणार का तुम्ही?

रानवाट
आजींना नाही म्हणत. दार उघडं असूनही तो गेला नाही, हे मात्र एकदा तपासा. त्याचे पंख छाटलेले होते का?

शैलजा_सांगली
विकणाऱ्यानेच छाटून दिले होते, तेव्हा सगळेच तसे देत. पण नंतर पुन्हा आले ना! माझ्या आजीच्या मायेवर संशय घेऊ नका. घरात वाढलेला पोपट सोडला तर तुमचे कावळे त्याला जगू देतील?

रानवाट
सोडा असं म्हटलंच नाही. वनविभागाच्या १९२६वर फोन करा, ते उपचार केंद्रात पाठवतात. मायेची शंका नाही, शैलजाताई. पण त्या एका मिठूसाठी ढोलीत हात घालणारा माणूस तिथे एकट्याच पिल्लासाठी गेला नव्हता. त्यातली किती बाजारापर्यंत जिवंत पोचत असतील? मला त्यांचं बोलायचंय.

विक्रम_पुणे
मग परदेशी पक्षी पाळणारे सगळे शहाणे का? आफ्रिकन ग्रे २०१६मध्ये साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात गेला, कारण जंगलातून पकडून पकडून संपवत आणला होता. २०२४च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. इथल्या किती जणांनी केली? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५मध्ये पक्ष्यांच्या उडण्याच्या हक्काबद्दल बोलून ठेवलंय. पिंजरा ठेवून पंखांवर भांडणं मला पटत नाही.

मंदार_ठाणे
विक्रम, कॉकटिएल आणि बजी (बजरीगर, छोटे रंगीत पोपट) साइट्सच्या यादीत नाहीत, पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच पैदास झालेले आहेत. त्यांना कुठल्या आकाशात सोडू? धागा भरकटवू नका.

डॉक्टर, ग्रेबद्दल तुमचं मान्य. उगवत्या पिसाचंही मान्य, पुढच्या वेळी एकेक पीस उजेडात धरून बघायला सांगेन. पण माझ्या घरात पंखा आहे आणि राहणार. 'छाटू नका' म्हणणाऱ्याने पंख्याचं उत्तर द्यावं.

अनघा_नाशिक
देते. आमच्याकडेही पंखे आहेत. पक्षी बाहेर काढायची वेळ सकाळची, एकाच खोलीत. त्या वेळी पंखा भिंतीवरच्या मुख्य बटणापासून बंद, खिडकीला जाळी, आरशावर चादर, स्वयंपाकघराचं दार लावलेलं. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुरानेच पक्षी मरतो, तिथे पंख छाटून काही उपयोग नाही. आणि छाटलेला पक्षीही वाऱ्याच्या झोतात गॅलरीतून जातो, फक्त परत येऊ शकत नाही. लहान मुलाच्या घरात हे सगळं रोज जमत नसेल, तर तेवढे दिवस तुम्ही सुरक्षिततेसाठी छाटलंत, हे मी समजू शकते. 'माणसाळवायला छाटा' याला माझा विरोध आहे आणि राहील.

मंदार_ठाणे
माणसाळवायला छाटा असं मी कधीच म्हटलं नव्हतं. ते परवाच्या धाग्यावरचं. जाळी कुठून बसवलीत आणि केवढ्या भोकांची, ते सांगा.

अनघा_नाशिक
कबुतरांसाठी नायलॉनची लावतात ती नको, तो कुरतडतो. बारीक भोकांची स्टीलची घ्या. चौकट सरकवायची करून घ्या, म्हणजे खिडकी पुसता येते.