उतरेल, पण उडणार कसं?

'हुक असला की कुठलंही विमान कुठल्याही विमानवाहू नौकेवर चालतं' असा एक दावा आहे. हुक म्हणजे उतरताना डेकवरची आडवी तार पकडून विमान थांबवणारा, शेपटाखालचा आकडा. उतरण्यापुरतं ठीक, तेही तारेचा ताण विमानाच्या वजनाप्रमाणे लावला तर. पण परत उडणार कसं? अमेरिकन आणि फ्रेंच नौकांवर कॅटापल्ट, म्हणजे विमानाला जोरात पुढे फेकणारी यंत्रणा, असतो. त्यात अडकणारा दांडा विमानाच्या पुढच्या चाकापाशी लागतो. आपल्या नौदलाच्या 'मिग-२९के' या लढाऊ विमानाला तो नाही, ते स्की-जंपवरून, म्हणजे टोकाला वर वळलेल्या धावपट्टीवरून, उडतं. राफेल-एम या फ्रेंच नौदलाच्या लढाऊ विमानाला आहे. म्हणूनच फ्रान्सची विमानवाहू नौका 'शार्ल द गोल' दुरुस्तीला असताना २०१८मध्ये १२ राफेल अमेरिकेच्या 'जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश' या विमानवाहू नौकेवर सराव करून आली. हेच विमान २०२२मध्ये गोव्यात 'आयएनएस हंसा' या नौदलाच्या जमिनीवरच्या विमानतळावरील स्की-जंपवरूनही उडालं. फक्त त्याचे पंख दुमडत नाहीत, त्यामुळे डेकवर पाहुणा जरा जास्तच ऐसपैस बसतो!