हृदयाचा इको (सोनोग्राफी) सुधारला, तरी बाबांना दम लागतोच. बडोद्यात पुढे काय करावं?

दांडियाबाजारकर: बाबा ६८. अटॅकनंतर ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ३० होता, आता ४२. डॉक्टर खूश, आम्हीही पेढे आणले. पण कमाटीबागेत अर्धी फेरी झाली की बाक शोधतात. हृदयाचा एमआरआय करून घ्यावा का?

रावपुरा_जुना: ईएफ म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत हो. इको पडून, निवांत असताना काढतात. चालताना काय होतं ते त्यात कुठून दिसणार? माझ्या आईचा ईएफ ६०, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तीनदा बसायची. सगळे म्हणाले, वय झालं. शेवटी एकाने रिपोर्टच्या खालच्या ओळी वाचल्या: हृदयाचा डावा वरचा कप्पा मोठा, डायस्टोलिक डिसफंक्शन ग्रेड २. हृदय पिळलं जात होतं नीट, भरत नव्हतं. तेही हार्ट फेल्युअरच. तुमच्याही रिपोर्टमधल्या त्या ओळी आणि फुप्फुसातलं प्रेशर विचारा.

फिजिओताई: एमआरआय स्नायूवरचा व्रण छान दाखवतो, दम किती आहे ते नाही. आधी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी करा. ३० मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन टोकांना खुणेचे शंकू, बस. पळायचं नाही. थांबून श्वास घेतला तर चालतं, घड्याळ मात्र थांबत नाही. त्यातून उलगडा झाला नाही तर मास्क लावून सीपीईटी, म्हणजे व्यायाम करताना श्वास आणि हृदय मोजणारी चाचणी. अडचण हृदयाची, फुप्फुसाची की पायांची, ते कळायला मदत होते. बीटा ब्लॉकरवर (नाडी मंद ठेवणारं औषध) नाडी चढतच नसेल तर तेही दिसतं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा, हे नेहमी राहून जातं.

रावपुरा_जुना: आणि व्यायामाला घाबरू नका. २००९ च्या एचएफ-ॲक्शन अभ्यासात ईएफ ३५ किंवा कमी असलेले २३३१ पेशंट होते. देखरेखीखाली सुरू केलेला व्यायाम सुरक्षित ठरला. फायदा बेताचाच, पण होता.

दांडियाबाजारकर: चाचणी झाली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले, जणू मुलाखतच! २७० मीटर, दोनदा थांबले, दर वळणावर "किती राहिलं?" फेरिटिन फारच कमी निघालं, आता शिरेतून लोह देणार आहेत. एमआरआय तूर्त नको म्हणाले.

फिजिओताई: रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन. आणि मीठ?

दांडियाबाजारकर: शेव-गाठियाचा डबा आईने माळ्यावर टाकलाय. शिडी शेजाऱ्यांकडे.