मोठे टायर घातले, आता हवा किती? स्टिकर बघायचं की वजन?

चुनाभट्टीकर

गाडी थार, मूळ टायर २४५/७५ आर १६ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या किती टक्के, आणि रिम इंचात). आता २६५/७५ आर १६ चे एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या जातीचे, ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) घातलेत. दुकानदाराने न विचारताच ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा मारली. वर म्हणाला, "जाड टायर आहे साहेब, हवा जास्तच लागते." घाटकोपरच्या पेव्हर ब्लॉकवर गाडी अशी उडत होती की मागे बसलेल्या आईने पुढच्या सिग्नलला रिक्षा करते म्हणून सांगितलं.

माझं मत सरळ आहे. दरवाजाच्या खांबावरचं स्टिकर कंपनीने दिलेल्या टायरसाठी असतं. टायर बदलला की तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, छापलेला आकडा तर कमाल मर्यादा असते, कोणी 'इतकीच भरा' म्हणून सांगितलेलं नसतं. वजन पेलते ती आतली हवा. मोठ्या टायरात ती जास्त मावते, म्हणून तेच वजन कमी दाबावर पेललं जातं. मी शहरात २८, हायवेला ३० आणि चिखलात १८ ते २० ठेवतो. पटत नसेल तर कारण द्या, नुसतं "आमच्या ग्रुपमध्ये सगळे ३५ ठेवतात" नको.

घाटातला_डिझेल

पटत नाही, कारण देतो. "मोठा टायर, कमी हवा" हे एकाच जातीच्या दोन टायरांत खरं. तुम्ही मापाबरोबर जातही बदललीत. २६५/७५ आर १६ साध्या पॅसेंजर बांधणीत घेतला तर साधारण ३५ वर ११८० किलो पेलतो. तेच माप एलटी, लोड रेंज (टायरच्या मजबुतीचा वर्ग) सी मध्ये घ्या. ११२ लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा), म्हणजे ११२० किलो, आणि त्यासाठी ५० पीएसआय लागतात. डी रेंजला १३६० किलोसाठी ६५, ई ला १५५० साठी ८०. एलटीला तेवढ्याच वजनाला जास्त हवा लागते, हे टायरवाल्याने बोली भाषेत सांगितलं, इतकंच. ४० फार झाले, हे मान्य.

चुनाभट्टीकर

आकडे बरोबर आहेत, पण हे सगळे पूर्ण भाराचे. ११२० किलो एका टायरवर यायला माझ्या थारमध्ये काय सिमेंटची पोती भरायची? गाडी पावणेदोन टनांच्या आसपास, माणसं-सामान धरून सव्वादोन. म्हणजे टायरमागे साडेपाचशे, पुढे इंजिनामुळे सहाशे धरा. ८० वर पंधराशे किलो उचलणाऱ्या टायरला सहाशेसाठी ४० कशाला हवेत?

वाशी_ते_वाडा

दादा, तुमच्याच वाटेने जाऊ. एलटी टायरच्या भार-दाब तक्त्यात आकडे साधारण ३५ पासून सुरू होतात. त्याखाली रकानाच नाही. ३५ ला तो टायर तुमच्या सहाशे किलोंपेक्षा बराच जास्त भार घेतो हे खरं, पण म्हणून २८ ला डांबरावर १०० च्या स्पीडने चालवा असं तक्ता कुठेही म्हणत नाही. हवा कमी झाली की प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल जास्त वाकते आणि तिथे उष्णता साठते. एलटीची साइडवॉल जाड, म्हणजे गरम व्हायला रबरही जास्त. मे महिन्यात समृद्धीवर १२० ची मर्यादा गाठत तासन्‌तास जाणाऱ्यांनी २८-३० चा नाद करू नये. टायर फुटतो तेव्हा "टायर खराब निघाला" म्हणतात, हवेचं नाव कोणी काढत नाही.

कुर्ला_टायर_कट्टा

धंदा टायरचाच आहे, म्हणून दोन शब्द. तक्ते राहू द्या, खडू घ्या. ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर) या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड रेघ मारा, सपाट जागेवर गाडी सरळ थोडी पुढे न्या. रेघ फक्त मधली पुसली गेली तर हवा जास्त. फक्त कडांची गेली तर कमी. सारखी पुसली तर झालं काम. हलक्या गाडीवर जाड टायर आणि ४० हवा असे येतात ना, त्यांचा मधला पट्टा वर्षा-दीड वर्षात गुळगुळीत आणि कडेचे ठोकळे नव्यासारखे. गिऱ्हाईक मग टायर कंपनीला शिव्या देतं.

मुलुंडची_फोर_बाय_फोर

खडूचा फॉर्म्युला मीही वापरते, पण तो निम्मंच सांगतो. रेडियल एलटीच्या ट्रेडखाली स्टीलचे पट्टे कडक असतात. त्यामुळे बऱ्यापैकी कमी हवेवरही रेघ सारखीच पुसली जाते आणि माणूस खूश होतो. खडूला स्पीड कळत नाही, गरमीही कळत नाही.

मी वाढ मोजते. सकाळी गाडी हलवण्याआधी थंड टायरची हवा स्वतःच्या गेजने बघायची. मग अर्धा-पाऊण तास ज्या स्पीडने जायचं त्याच स्पीडने चालवून पुन्हा बघायची. चारच्या आसपास वाढली तर ठीक, एलटीला सहापर्यंत चालतं. आठ-दहा वाढली तर टायर जास्त तापतोय, म्हणजे थंड असताना हवा कमी होती, अजून भरायची. दोनच वाढली तर थोडी काढा. आणि कृपा करून तापलेल्या टायरची हवा "जास्त दाखवतेय" म्हणून सोडू नका. सकाळी टायर बसलेला दिसेल. पंपावरच्या गेजवर तर माझा काडीचा विश्वास नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन पंपांत तीन-चारचा फरक सहज येतो.

चुनाभट्टीकर

ताई, हे पटलं. या पद्धतीने ३० ला पाचच वाढ आली तर मग घाटातला_डिझेल काय म्हणतील?

घाटातला_डिझेल

म्हणेन की पावसात परत या. ॲक्वाप्लेनिंगचं एक जुनं सूत्र आहे, नासाने विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून आलेलं. पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. ३६ पीएसआयला तो साधारण ताशी १०० किलोमीटर येतो, २५ ला ८३. जुलैत पूर्व द्रुतगती मार्गावर डावीकडच्या लेनमध्ये पाण्याचे पट्टे असतात, तिथून मोकळ्या रस्त्याला ८० ने जाणारे कमी नाहीत. शिवाय मोठा टायर म्हणजे बहुधा रुंद टायर. रुंद टायर पाणी कापत नाही, त्यावर चढतो.

वाशी_ते_वाडा

+१. माझ्या पिकअपला बारा महिने ३६.

मुलुंडची_फोर_बाय_फोर

ते सूत्र गुळगुळीत टायर आणि साचलेलं पाणी धरून आहे. खोल खाचांच्या ऑल-टेरेनला पाणी बाहेर पडायला वाट असते. उलट ओल्या काँक्रीटवर जास्त हवेचा कडक एलटी ब्रेकला सरकतो, त्याचं काय? पावसात दोन-तीन पीएसआय वाढवण्यापेक्षा ट्रेड किती उरलाय ते बघणं आणि पाय आवरणं जास्त कामाचं.

खाचरातला_खेकडा

सगळे डांबरावरच अडकलात. टायर घेतले कशाला?

मुरबाड-कर्जतकडे भाताच्या खाचरांतल्या चिखलात १८ ते २०. हवा काढली की टायर रुंद होतो असं लोक समजतात. खरी वाढते ती जमिनीवर टेकलेली लांबी, पकड त्यातून येते. पण खाली मुरुम असेल आणि वर वीतभर राड असेल तर मी हवा काढतच नाही, टायरला खाली कापत जाऊ देतो. तळच लागत नसेल तर काढायची. आणि नदीपात्रात दगड असेल तर जपून. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड धारदार, कमी हवेला टायरचं पोट बाहेर येतं आणि नेमकं तेच चिरतं. बीडलॉक (टायरची कड रिमला घट्ट धरणारी कडी) नसताना १५ च्या खाली जाऊन स्टिअरिंग पूर्ण तोडलंत तर टायर रिमवरून उतरणार, मग चिखलात जॅक लावत बसा. कंप्रेसर नसेल तर हवा काढूच नका. बाहेर आल्यावर २० वर कल्याणपर्यंत येणारे महाभाग बघितलेत.

शंकासुर_डोंबिवली

आधी हे सांगा, असं माप बदलणं कायद्यात बसतं का? मूळ रचनेत बदल नको, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय.

चुनाभट्टीकर

तो वेगळा विषय, त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे हवेचं बोला.

मी काय ठरवतोय: एक्सप्रेसवेला ३४ थंड, शहरात ३०, आणि पुढच्या दोन टायरांत मागच्यापेक्षा दोन जास्त, कारण वजन पुढे आहे. ३० ची वाढ ताईंच्या पद्धतीने मोजून इथे टाकतो. ४० कोणत्याही परिस्थितीत नाही.

घाटातला_डिझेल

एक्सप्रेसवेला ३६ करा, शहराचं तुमचं तुम्ही बघा. आणि एक राहिलं. तुमचा नवा टायर उंचीला जवळपास चार टक्के मोठा आहे. मीटर मूळ टायरच्या तुलनेत तेवढा कमी दाखवणार. कॅमेऱ्यांखालून काटा शंभरवर ठेवून निवांत जाऊ नका.

कुर्ला_टायर_कट्टा

स्टेपनी जुन्याच मापाची ठेवलीय का? ठेवली असेल तर ती लावून कोरड्या रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकू नका, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. पाचवा टायर त्याच मापाचा घ्या आणि त्यात हवा भरून ठेवा. स्टेपनीत १५ हवा घेऊन फिरणारे माझ्याकडे रोज येतात.